तुम्हाला कळायला हवं होतं!

विलायतेत गरिबाच्या बुद्धीचा जेवढा मान राखतात तेवढा केंब्रिजच्या गणितज्ञाचाही राखत नसतील. पटत नसेल तर जादा दिलेल्या हाउसिंग बेनिफिटच्या वसुलीचं पत्र कुणाकडून तरी मागून घ्या आणि वाचा.

हाउसिंग बेनिफिट म्हणजे तुटपुंज्या कमाईच्या माणसाला घरभाड्यासाठी सरकारचा हातभार. तो देते तिथली काउन्सिल, आपल्याकडची महापालिकाच म्हणा ना. (नव्याने व्हिसावर गेलेल्या आपल्या मंडळींनी आशा धरू नये. सरकारी मदत मिळणार नाही, हे बहुतेकांच्या व्हिसाच्या अटींतच असतं. त्यामुळे वसुलीच्या पत्रातूनही ते सुटतात, हा त्यातल्या त्यात फायदा.)

आता तुटपुंजी कमाई म्हणजे कशी? वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या बाईची. या आठवड्यात सोळा तास, पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस, त्यापुढे ‘बघू, फोन करतो’. तास बदलले की पगार बदलतो, पगार बदलला की मदत बदलायला हवी, म्हणून बाईने दर वेळी काउन्सिलला कळवायचं. बाई कळवते. पगाराच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून पाठवते. काउन्सिलकडून पोच येते आणि मदत मात्र होती तेवढीच येत राहते. मग दीड वर्षाने, वरातीमागून घोडं यावं तसं, पत्र येतं.

पत्र बघण्यासारखं असतं. जाडजूड लिफाफा, आत तक्ता. सोमवार ते रविवार असा एकेक आठवडा, त्यासमोर दिलेली रक्कम, द्यायला हवी होती ती रक्कम आणि फरक, अगदी पेनीपर्यंत बिनचूक. शेवटी बेरीज, आणि बेरजेखाली पैसे कुठे भरायचे ते. म्हणजे काउन्सिलला गणित येत नाही असं म्हणायची सोय नाही. येतं की! दीड वर्षाने येतं, एवढंच.

कायदा तसा दयाळू आहे. २००६ च्या नियमावलीतला १०० वा नियम सांगतो, की चूक कार्यालयाची असेल तर जादा गेलेले पैसे परत मागता येत नाहीत. इथवर वाचून बाई सुस्कारा सोडते. पण नियम अजून संपलेला नसतो. पैसे जास्त येताहेत हे आपल्याला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं, हेही पटावं लागतं. संगणकाच्या लक्षात आलं नाही, साहेबांच्या लक्षात आलं नाही, साहेबांच्या साहेबांच्याही नाही. पण रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या बाईला, गॅसवर चहा उकळत असताना, बँकेतला आकडा बघून कळायला हवं होतं. स्वतःचं भाडं भरायची तिची ऐपत नाही हे सरकारला मान्य आहे. सरकारी हिशेब तपासायची अक्कल मात्र तिला आहे, यावर सरकारचा गाढ विश्वास. फक्त त्या कामाचा पगार सुरू व्हायचा राहिलाय.

ही अक्कल सगळ्यांकडून अपेक्षित नसते. २००९ साली ब्रिटिश खासदारांच्या दुसऱ्या घराच्या भत्त्याचं प्रकरण चव्हाट्यावर आलं. एक घर मतदारसंघात, एक लंडनला, म्हणून मिळणारा तो भत्ता. खासदारांचं हाउसिंग बेनिफिटच की ते! खासदार सर पीटर व्हिगर्स यांनी तळ्यातल्या बदकांच्या तरंगत्या घरासाठी १,६४५ पौंड मागितले होते. ते मंजूर झाले नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे तपासणीसाठी नेमलेल्या सर थॉमस लेग यांनी सगळ्या पावत्या तपासल्या आणि शेकडो आजी-माजी खासदारांना पैसे परत करायला सांगितलं. केवढा गहजब झाला! आमची बिलं संसदेच्या कार्यालयानेच पास केली होती, मग आमचं काय चुकलं? अपिलं ऐकायला एक निवृत्त न्यायमूर्ती बसले आणि बऱ्याच जणांची रक्कम कमी झाली. बाईचं म्हणणं तरी याहून वेगळं काय आहे?

बरं, १०० वा नियम निदान वाद घालू देतो. नोकरीच्या वयातल्या लोकांसाठी २०१३ पासून हळूहळू हाउसिंग बेनिफिटची जागा घेत आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तीही कटकट नाही. चूक सरकारची असो वा तुमची, पैसे परत. एप्रिल २०२५ पासून तिथल्या वसुलीसाठीच्या कपातीची कमाल मर्यादा मूळ भत्त्याच्या २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली. पंचविशीपुढच्या एकट्या माणसाचा भत्ता २०२५-२६ मध्ये महिना ४००.१४ पौंड होता, म्हणजे शंभराऐवजी साठ. या दराला ‘फेअर रिपेमेंट रेट’ असं गोंडस नाव आहे. मग आधीचा दर काय होता, ते विचारू नये.

आता काउन्सिलच्या पत्राचं बाईने करायचं काय? घाबरून पहिला हप्ता भरून टाकायचा नाही. महिन्याच्या आत लेखी कारणं मागायची, फेरविचार मागायचा, नाही जमलं तर ट्रायब्युनल. आणि खरी मिळकत धरूनही त्या काळात जेवढी मदत हक्काने मिळाली असती, तेवढी रकमेतून वजा करा म्हणायचं. ते काउन्सिलवर बंधनकारकच आहे, पण मागितल्याशिवाय लक्षात येईलच असं नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्लासंस्थेतले लोक फुकट मदत करतात.

मग हप्त्याची घासाघीस. त्यासाठी खर्चाचा फॉर्म: किराणा, बूट, केस कापणं, भेटवस्तू. केस कापण्यापुढे शून्य लिहिलं तर खोटं वाटतं, पंधरा पौंड लिहिले तर चैन वाटते. मदत अजून चालू असेल तर त्यातूनच कापतात, पण कापून झाल्यावर आठवड्याला निदान ५० पेनी बाईच्या हाती ठेवावीच लागतात. तेवढी माणुसकी लेखी आहे.

मदत बंद झाली असेल, तर कोर्टाची पायरीही न चढता काउन्सिल थेट मालकाला कळवते, की हिच्या पगारातून कापा. कापून झाल्यावर साठ टक्के पगार उरला पाहिजे. मालकालाही कारकुनीचा त्रास होतो, म्हणून दर कपातीमागे एका पौंडापर्यंत त्याने स्वतःसाठी घेतला तरी चालतो, तोही बाईच्याच पगारातून. तो पौंड कर्जातून वजा होत नाही.