भटकंतीकाराचा चरितार्थ

डोंगरात जाऊन येणे, त्यावर लिहिणे आणि त्या लिहिण्यावर पोट भरणे या तीन क्रिया ज्याच्या ठायी एकत्र नांदतात तो साहसी प्रवासलेखक, म्हणजेच भटकंतीकार. पहिल्या दोन क्रिया करणारे महाराष्ट्रात उदंड आहेत. तिसरी साधलेला नमुना क्वचित दिसतो, आणि दिसलाच तर त्याची बायको कोणत्या बँकेत नोकरीला आहे याची आधी चौकशी करावी.

हा वर्ग मुख्यतः पुणे, ठाणे, डोंबिवली आणि नाशिक येथे आढळतो, कारण येथून शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री घरी परतता येते. मुंबईकडचा नमुना शेवटच्या कसारा लोकलमध्ये हमखास भेटतो. डबा रिकामा असला तरी तो दारापाशी सॅकवरच बसतो. पूर्वी त्याच्या पायात ॲक्शनचे ट्रेकिंग बूट असत. स्वस्त, दिसायला ओबडधोबड आणि ओल्या कातळाला घोरपडीसारखे चिकटणारे. आताचा बूट महागडा असतो आणि 'चार शब्द बरे लिहा' या बोलीवर फुकट मिळालेला असतो. गुडघे मात्र स्वतःचेच असतात, आणि चाळिशीनंतर सर्वांत मोठा खर्च त्यांचाच निघतो.

मराठीतला या वर्गाचा मूळपुरुष म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरी कर्ज झालेले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानावर आले, म्हणून हे गृहस्थ १८५७ साली उत्तरेकडे निघाले. मुहूर्त चुकला. बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला, वाटेत नागवले गेले आणि घरी आले ते गंगेची कावड घेऊन. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे लिहून काढले. 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आले तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. साहस अस्सल, लेखन अव्वल, प्राप्ती शून्य, हा पायंडा त्यांनीच घातला, आणि मानधनाचा प्रश्न पहिल्याच पिढीत निकालात निघाला.

पुढच्यांनी यातून शहाणपण घेतले. हरीश कापडिया यांनी सह्याद्री आणि हिमालयावर इंग्रजीत ग्रंथामागून ग्रंथ लिहिले, वर्षानुवर्षे 'हिमालयन जर्नल'चे संपादन केले आणि व्यवसाय केला कापडाचा. प्र. के. घाणेकरांनी मराठी तरुणांना किल्ल्यांची वाट दाखवली. पगार मिळत होता तो वनस्पतिशास्त्र शिकवण्याचा. मीना प्रभु जगभर फिरल्या, 'दक्षिणरंग' आणि 'चिनी माती'सारखी जाडजूड पुस्तके लिहिली. पेशाने त्या डॉक्टर. मिलिंद गुणाजी दूरदर्शन संचावरून घराघरांत भटकंती घेऊन गेले, पण त्यांचा चेहरा सिनेमाने आधीच ओळखीचा केला होता. गो. नी. दांडेकर लेखणीवर जगले हे खरे. मात्र त्या लेखणीतून कादंबऱ्यांची रास उतरली, नुसती 'दुर्गभ्रमणगाथा' नव्हे. थोडक्यात, नाव झालेल्या बहुतेकांच्या पाठीशी दुकान, महाविद्यालय, दवाखाना यांपैकी काहीतरी उभे होते. नवा भटकंतीकार या सर्वांना गुरू मानतो. त्यांची पुस्तके वाचतो, त्यांच्या वाटा गिरवतो आणि नोकरी तेवढी सोडतो.

नोकरी सोडण्याचा काळ साधारण ठरलेला असतो. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतला २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करून माणूस परत येतो, सोमवारी कार्यालयात खुर्चीवर बसतो आणि समोरच्या काचेतून त्याला पार्किंग दिसते. महिन्याभरात राजीनामा जातो. घरी त्याचे वाचन होते तेव्हा वडील काही बोलत नाहीत; आई विचारते, "पण मग सकाळी डबा द्यायचा की नाही?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणत्याही भटकंतीकाराला देता आलेले नाही.

उत्पन्नाचा विचार पुस्तकापासून करावा लागतो, कारण भटकंतीकार तेथूनच सुरुवात करतो आणि तेथेच फसतो. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, मानधन १० टक्के. सर्व प्रती खपल्या तर हाती येतात ३०,००० रुपये. प्रती खपायला तीन वर्षे लागली, आणि लागतातच, तर महिन्याला ८३३ रुपये पडतात. एवढ्यात ठाण्याहून हरिश्चंद्रगडाला जाऊन येणे कसेबसे जमते. त्यावर दुसरे पुस्तक लिहायचे तर चहा स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. यातही अर्धे मानधन प्रतींच्या रूपाने देण्याची रीत आहे. त्यामुळे भटकंतीकाराच्या घरी दिवाणाखाली त्याच्याच पुस्तकांचे गठ्ठे असतात आणि बारशापासून साठीशांतीपर्यंत सर्व समारंभांत त्याच्याकडून एकच आहेर येतो.

दुसरा मार्ग दिवाळी अंकांचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा सुगी असते. ऑगस्टच्या अखेरीस दूरध्वनी येतो. संपादकांचा आवाज अत्यंत आपुलकीचा असतो. "यंदा तुमचा एक फक्कड लेख हवाच. दोन हजार शब्द. फोटो दहा-बारा द्या, मोठ्या आकाराचे. अन् थोडं थरारक असू द्या हं." मानधनाचा विषय भटकंतीकाराने काढायचा नसतो आणि संपादक काढत नाहीत. अंक कुरियरने येतो, तोही एकच. मानधन आलेच तर मकर संक्रांतीच्या सुमारास येते. रक्कम अशी असते की करकपातीचा प्रश्न उद्भवत नाही, त्यामुळे आयकर खात्याशी या वर्गाचे संबंध कायम सलोख्याचे राहिले आहेत. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठा राजवटीचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा सर्व संपादकांना एकाच आठवड्यात बाराही किल्ल्यांवर लेख हवे झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा जिंजी तमिळनाडूत असल्याने त्याचे वर्णन बऱ्याच जणांनी घरी बसून केले, आणि ते बाकीच्यांपेक्षा ओघवते उतरले.

आता 'थरारक' म्हणजे काय, हे सांगणे आवश्यक आहे. साहसलेखाला एक तरी निसटता प्रसंग लागतो. पाय घसरला पाहिजे, पण पुरता नाही. दगड सुटला पाहिजे, पण दुसऱ्याच्या डोक्यावर नाही. वाट चुकली पाहिजे, पण सोमवारी घरी पोचता येईल एवढीच. खरोखर भीषण काही घडले तर ते लिहिता येत नाही, कारण मग बातमी होते आणि ती दुसराच लिहितो. शिवाय ठराविक मजकूर टाळता येत नाही. हरिश्चंद्रगडावरचा लेख असेल तर केदारेश्वराच्या गुहेतल्या चार खांबांपैकी उरलेला एक खांब, तो पडला की कलियुग संपणार ही समजूत, आणि कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, पाहणारा कर्नल साइक्स यांची हजेरी लागतेच. साइक्सला ते १८३५ साली दिसले म्हणतात. भटकंतीकाराला दर पावसाळ्यात 'थोडक्यात हुकते'.

गडावर जाण्याच्या वाटांबाबतही शिस्त आहे. लेखात तो बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढतो: दगडधोंड्यांनी भरलेली घळ, कातळटप्पे, दोर, अंगावर येणारा कडा. सासुरवाडीची मंडळी बरोबर असली की तोच मनुष्य पाचनईची वाट धरतो, कारण तेथे रेलिंग आहे आणि मध्येच लिंबू सरबत मिळते. नळीच्या वाटेवर त्याच्या पुढे बेलपाड्याचा एक गडी असतो. पायात प्लॅस्टिकची चप्पल, खांद्यावर दोराचे वेटोळे आणि वरच्या टप्प्यापासून पाठीवर भटकंतीकाराची सॅकही. लेखात हा गडी एका वाक्यात येतो, 'स्थानिक वाटाड्याची मदत झाली' असा. छायाचित्रातही तो येतो, पण दोर धरलेल्या हातापुरताच.

वरील सर्व मार्गांनी महिन्याचे वीजबिल निघत नाही असे ध्यानात आले की भटकंतीकार लोकांना डोंगरात न्यायला लागतो. खरे पोट भरते ते येथे. शुक्रवारी रात्री बस निघते. चाळीस माणसे, सहभाग शुल्क आगाऊ, त्यात चहा-नाश्ता व दोन वेळचे जेवण. ज्याने एकांताच्या शोधात नोकरी सोडली, तो आता पहाटे चारला टोलार खिंडीच्या पायथ्याशी विजेरीच्या उजेडात डोकी मोजत असतो. एकोणचाळीस. पुन्हा मोजतो, एकेचाळीस. एकीच्या बुटाचा तळ सुटलेला असतो, त्यावर तो स्वतःच्या सॅकमधली चिकटपट्टी गुंडाळतो. एक जण विचारतो, "सर, वर चार्जिंग पॉइंट आहे ना?" दुसरा विचारतो, "अजून किती?" या प्रश्नाला जगभर एकच उत्तर आहे, 'ही काय, समोर दिसतेय ती टेकडी'. ते देताना सरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. दिवसभरात त्यांना स्वतःसाठी दहा मिनिटे मिळतात, तीही कोकणकड्यावर चाळीस जणांचे फोटो काढण्यात जातात. रात्री सर्वजण तंबूत शिरल्यावर ते डायरी उघडतात, तारीख लिहितात आणि झोपी जातात. या काळातील प्रवासवर्णने मराठीत फार थोडी असण्याचे कारण हेच.

अलीकडे व्याख्यान व दृक्श्राव्य चित्रफीत ही जोडकामे वाढली आहेत. महाविद्यालयातल्या व्याख्यानाला शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ मिळतो. घरी शालींचा साठा झाला की त्यातली एखादी थंडीत गडावर अंथरायला नेतात. ती पातळ असते. कंपन्यांमधल्या व्याख्यानाचे पैसे चांगले येतात, पण तेथे शिवाजी महाराजांचे गनिमी युद्धतंत्र आणि तिमाही विक्री यांचा संबंध जोडून दाखवावा लागतो. तो जोडता आला की भटकंतीकाराला पुन्हा डोंगरात जाण्याची गरज उरत नाही, आणि काही जण मग जातही नाहीत.

या वर्गाच्या स्वभावात एक गुंतागुंतीची बाब आहे. लोकांनी डोंगर पाहावेत म्हणून तो लिहितो, आणि लोक डोंगरात आले की त्याला राग येतो. 'ठिकाणाचे नाव मुद्दाम देत नाही' अशी ओळ लेखात असते. खाली छापलेल्या छायाचित्रावरून ते ठिकाण दोन दिवसांत ओळखले जाते. पुढच्या शनिवारी तेथे गाड्यांची रांग लागते. त्यापुढच्या पावसाळ्यात धबधब्यावर जाण्यास प्रशासन बंदी घालते. मग भटकंतीकार 'आटलेला सह्याद्री' अशा धर्तीचा लेख लिहितो, त्यात वेफर्सच्या पुड्या, बाटल्या आणि कातळावर कोरलेली बदामातली नावे यांचे सविस्तर वर्णन करतो. या दुसऱ्या लेखाला पहिल्यापेक्षा बरे मानधन मिळते. त्याची खंत खोटी नसते, हे नमूद करणे न्यायाचे होईल; पुड्या उचलून पोत्यात भरताना तोच दिसतो, फोटोग्राफर बरोबर नसला तरी.

लग्नाच्या बाजारात या वर्गाचा भाव पडलेला आहे. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नावर 'फिरतो' असे उत्तर देता येत नाही, म्हणून स्थळाच्या माहितीपत्रकात 'पर्यटन क्षेत्रात स्वतंत्र व्यवसाय' असे घालतात. लग्न झालेच तर बहुधा एखाद्या ट्रेकमध्येच जमते, आणि त्या मुलीला नोकरी असते. पहिली दोन वर्षे दोघे मिळून गड चढतात. मूल झाल्यावर तो चढतो आणि ती शनिवारी कपाटाचे कप्पे आवरते, तेव्हा तिला दोराची दोन वेटोळी आणि तीन हेल्मेटे सापडतात, इस्त्रीचा शर्ट मात्र एकही सापडत नाही.

डोंगरावर पोट भरणारा मनुष्य खरोखर पाहायचा असेल तर भटकंतीकाराच्या घरी जाऊन उपयोग नाही, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत जावे. तेथे घरोघरी मुक्कामाची सोय होते. कौलारू घर, शेणाने सारवलेली ओसरी, पिठलं, भाकरी, ठेचा आणि रात्रीला अंथरूण. मावशी चुलीपुढून न उठता ओसरीवरच्या पंधरा जणांचा हिशेब तोंडी करतात आणि तो चुकत नाही. किती वाजता कोण उतरणार, कोणाला चहा बिनसाखरेचा लागतो, मागच्या खेपेला कोणाकडून दोन भाकऱ्यांचे यायचे राहिले, सगळे त्यांच्या ध्यानात असते. यांतले काहीही त्यांनी आजवर लिहिलेले नाही.

तिकडे जाणाऱ्याने पैसे सुटे आणि रोख न्यावेत. रेंजचा भरवसा नसतो, आणि 'लेखात तुमचं नाव घालतो' हे चलन पाचनईत चालत नाही.