बहात्तर नंबरची भानगड

"बाई, आहात का? की कुकर लावायला पळालात?"

गडग्यापलीकडून ही हाक आली की विळी बाजूला सारायची, हे मी निवृत्त झाल्यापासून शिकले आहे. वहिनींच्या पोटात बातमी राहत नाही आणि माझ्या पोटात रसायनशास्त्र.

"आमचा नातू काल शाळेतून तोंड पाडून आला. पोटॅशियमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ९ लिहिलंन, तर गुण कापले. आता तुम्हीच सांगा, तिसऱ्या कवचात १८ मावतात असं त्यांचंच पुस्तक म्हणतं. मग नऊ बसवले तर बिघडलं कुठे?"

गडग्यावर त्यांचं सूप होतं, भुईमुगाचे दाणे निवडायला घेतलेले. मी त्यातले एकोणीस उचलले. दोन मांडले, मग आठ, मग आठ. उरलेला एक चांगला वीतभर लांब ठेवला.

"एवढा लांब? मधे जागा पडलीय की!"

"पडलीय, कबूल. पण कवच म्हणजे एक मोठा हॉल नव्हे, वहिनी. आत खोल्या आहेत. एसच्या खोलीत दोघं, पीच्या सहा, डीच्या दहा, एफच्या चौदा. तिसऱ्या कवचातली एस आणि पी भरली, आठ झाले. राहिली डी. पण एकोणिसाव्याला तिच्यापेक्षा चौथ्या कवचातली एस स्वस्त पडते. ती दिसायला बाहेरची, पण तिथला इलेक्ट्रॉन मधूनमधून केंद्रकाच्या पार जवळ जाऊन येतो. ऊर्जेच्या हिशेबात ती खालचीच."

"म्हणजे आमच्या सासूबाई. राहायच्या माडीवर, पण चुलीवर काय शिजतंय ते सगळं ठाऊक."

तेवढ्यात माडावरून खार उतरली, तो लांबचा दाणा उचलला आणि पसार. आतल्या अठरांना तिनं हातही लावला नाही.

"बघा, हेच पोटॅशियम! शेवटचा एक गमवायला इतकं उतावीळ, की कॉलेजात आम्ही ते रॉकेलात बुडवून ठेवायचो. पाण्यात तुकडा टाकला की जांभळट ज्योत घेऊन पळत सुटायचं. सोडियम २, ८, १, तेही रॉकेलातच. दोघांचाही बाहेरचा एकच, म्हणून सारणीत दोघं एकाखाली एक, पहिल्या गणात. नातवाचं २, ८, ९ खरं मानलं, तर पोटॅशियमला सोडियमखाली उभं कसं करणार?"

"मग ती डीची खोली रिकामीच?"

"कॅल्शियमपर्यंत रिकामी. २१ व्या स्कँडियमपासून ३० व्या जस्तापर्यंत ती भरत जाते. म्हणून सारणीच्या मधोमध दहा रकाने. डावीकडचे दोन एसचे, उजवीकडचे सहा पीचे. झाले अठरा."

मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतही नव्हता. तो सापडला १८९७ साली. मेंडेलीव्हनं अणूंची वजनं आणि गुण पाहून घराणी जुळवली, आणि बहुतेक बरोबर जुळवली. क्रोमियम आणि तांबं या खोल्यांच्या हिशेबात जरा आगाऊपणा करतात, एसमधला एकजण डीत ढकलतात. ते मात्र मी वहिनींना सांगितलं नाही. पोराचे आधीच गुण गेले होते.

"आणि खाली त्या दोन ओळी, वाळीत टाकल्यासारख्या?"

"ती एफची मंडळी. खरी भानगड तिथेच झाली."

भानगड म्हटल्यावर वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"पॅरिसला युर्बां म्हणून होते. त्यातल्या वरच्या ओळीतल्या, म्हणजे दुर्मिळ मृदांमधला दादा माणूस. ७१ नंबरचं ल्युटेशियम त्यांनी १९०७ मध्ये शोधलेलं. १९११ ला म्हणाले, आणखी एक सापडलं, त्याच घरातलं, नाव सेल्टियम. पुढे त्यालाच ७२ नंबर म्हणायला लागले. इकडे कोपनहेगनला नील्स बोर हिशेब मांडून बसलेले. चौथं कवच ३२ चं, ते ७१ ला काठोकाठ भरतं. मग ७२ वा त्या घरातला कसा? तो वर जाणार, झिर्कोनियमच्या खाली. तसं काही रसायनवाल्यांनाही वाटतच होतं, पण बोरनी कारण दिलं."

"मग?"

"मग बोरच्याच संस्थेतल्या कोस्टर आणि हेवेशींनी झिर्कोनियमच्या खनिजात शोधलं. क्ष-किरणांच्या रेषा तपासल्या, तर ७२ वा तिथेच! ११ डिसेंबर १९२२ ला बोर स्टॉकहोमला नोबेलचं व्याख्यान देत होते. शेवटी त्यांनी ही बातमी सांगूनच टाकली. कोपनहेगनचं लॅटिन नाव हाफ्निया, म्हणून याचं हाफ्नियम."

"आणि पॅरिसवाले गप्प बसले?"

"छे! बरीच वर्षं सेल्टियमचा हेका होता. आणि ते १९११ चं सेल्टियम निघालं काय, तर त्यांचंच ल्युटेशियम, जरा जास्त शुद्ध."

वहिनी इतक्या हसल्या की खार पुन्हा माडावर चढली.

"पण हा हाफ्नियम तोवर कुणाला दिसला कसा नाही?"

"झिर्कोनियमसारखाच दिसतो, वागतो. बाहेरचे इलेक्ट्रॉन चार, तसेच. हाफ्नियमला कवच एक जास्त, पण मधे जे चौदा एफमध्ये शिरले त्यांचा आडोसा अगदी पातळ. केंद्रक बाहेरच्यांना आत ओढतं, आणि दोघांचा आकार जवळजवळ सारखा होतो. वेगळं करायला घाम फुटतो. आपल्या तारापूरच्या अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या. झिर्कोनियम न्यूट्रॉनना जाऊ देतं, हाफ्नियम गिळतं. म्हणून हैदराबादला आधी ते काढून टाकावं लागतं."

"एका घरातले, पण एका ताटात चालत नाहीत."

"तसंच. बरं, नातवाला संध्याकाळी पाठवा माझ्याकडे. वही नको, दाणे घेऊन ये म्हणावं. क्रोमियमला चोवीस लागतील."