हेडफोनवर खर्च किती करावा : इच्छुकांसाठी सूचना

हेडफोनवर किती खर्च करावा, असे जो विचारतो त्याचा आकडा बहुधा ठरलेला असतो. तो घरात कसा सांगायचा, एवढाच प्रश्न उरलेला असतो. पुढील सूचना अशा इच्छुकांसाठी आहेत. ज्यांना जुन्या मोबाइलच्या खोक्यात आलेल्या इअरफोनवर बातम्या, किशोरीताई आणि सासूबाईंचा फोन हे तिन्ही सारख्याच समाधानाने ऐकू येतात, त्यांनी हे वाचून तब्येत बिघडवून घेऊ नये.

प्रथम हद्द आखून घ्यावी. खालची हद्द सोपी आहे : लोकलच्या डब्यात गळ्यात वायरींचा हार घालून फिरणारा विक्रेता शंभराच्या नोटेत जे देतो, ते. वरची हद्द जर्मनीत आहे. झेनहायझर कंपनीने १९९१ साली ऑर्फियस नावाचा हेडफोन काढला, जेमतेम तीनशे नग. त्याचा वारस एचई १ हा २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा किंमत सांगितली गेली सुमारे ५० हजार युरो. आजच्या दराने पंचेचाळीस लाखांच्या पुढे. एवढ्या पैशात अॅम्प्लिफायरचे अंग इटलीतल्या करारा इथल्या संगमरवराचे मिळते. सुरू करायचा म्हटला की समोरची बटणे आधी हळूच बाहेर येतात, मग आठ व्हॅक्यूम ट्यूब दगडातून वर येतात आणि त्यानंतर काचेचे झाकण उघडते. गाणे पुढे केव्हातरी. तोवर शंभराच्या इअरफोनवाल्याचा मुखडा संपून अंतरा सुरू झालेला असतो. या यंत्राची झेप ८ हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत आहे. माणसाचा कान, तोही तरुण आणि धडधाकट असेल तर, २० किलोहर्ट्झला थांबतो. त्यापुढचा सगळा प्रदेश घरात वटवाघूळ पाळले असल्यास उपयोगी पडावा.

या दोन हद्दींच्या मध्ये कुठेतरी पूर्ण समाधान आहे, असे गृहीत धरून पुढे जावे.

येथे एक अडथळा येतो, तो शिताफीने ओलांडायचा आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजणी तपासली आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा किमतीशी काहीही संबंध लागत नाही असा निष्कर्ष काढला. निबंधाच्या शीर्षकातच तसे म्हटले आहे, त्यामुळे न वाचताही मनस्ताप होऊ शकतो. इच्छुकाने डगमगू नये. रिस्पॉन्स म्हणजे सगळे काही नव्हे, असे लगेच म्हणावे, आणि ते खरेही आहे. मग साउंडस्टेज, वॉर्मनेस, एअर हे शब्द काढावेत. यातला ‘एअर’ विशेष सोयीचा, कारण तो समोरच्याला ऐकू आला नाही तर दोष समोरच्याच्या कानांकडे जातो.

आता प्रत्यक्ष खरेदी. पुण्यात असाल तर सुरुवात तपकीर गल्लीतून, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवरून करावी. काउंटरवरचा मुलगा आधी विचारतो, “बास पाहिजे ना?” नको म्हणणारे गिऱ्हाईक त्याने पाहिलेले नसते. मग कात्री घेऊन तो प्लॅस्टिकचे पाकीट कापतो. एकदा पाकीट कापले की व्यवहार निम्मा झाला असे दोघांनाही कळते. स्वतःच्या फोनवर तो दणदणीत गाणे लावतो, गिऱ्हाईक मान हलवते, आणि बिल मागितल्यावर उत्तर येते, “वायरची गॅरंटी नाही हां साहेब, चालू करून देतो.” चारशे रुपयांत काम झालेले असते. आवाज वाईट नसतो. समाधान साधारण पहिला रिव्ह्यू बघेपर्यंत टिकते.

रिव्ह्यूमधून कळते की चेंगडूच्या मूनड्रॉपने २०२२ मध्ये ‘चू’ नावाचा कानात घालायचा इअरफोन वीस डॉलरच्या आसपास आणला आणि त्याचे आलेख बघून जाणकार चकित झाले. इच्छुकाने हा टप्पा घाईने ओलांडावा. इथे रेंगाळलेले काही जण समाधानी होऊन बसतात आणि परत येत नाहीत. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो वापरणाऱ्यांची तीच गत. १९८४ सालचा हा हेडफोन आजही जवळपास तसाच मिळतो. पट्टी पत्र्याची, केसांत अडकते. किंमत अमेरिकेत पन्नास डॉलरच्या आतबाहेर. पण चाळीस वर्षे तोच वापरून खूश असलेल्या माणसाशी या विषयावर बोलणे कठीण जाते.

खरा प्रवास झेनहायझरच्या एचडी ६०० पासून सुरू होतो. १९९७ चा हा हेडफोन अजून बाजारात आहे, त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि प्रशंसेला तो पात्र आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. तो मागून उघडा आहे; म्हणजे इच्छुकाचा मारवा स्वयंपाकघरात जातो आणि स्वयंपाकघरातली शिट्टी मारव्यात येते. दुसरे, त्याचा रोध ३०० ओहम आहे, त्यामुळे फोनवर तो दबक्या आवाजात गातो. तेव्हा अॅम्प्लिफायर घ्यावा. अॅम्प्लिफायर एकटा बरा दिसत नाही म्हणून डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाजाचा संकेत करणारी पेटी) घ्यावा, दोघांना जोडायला केबल घ्यावी, केबलच्या किमतीबद्दल मौन बाळगावे. डॅकचे काम अॅपलचा नऊ डॉलरचा बोटभर डोंगलही मोजमापात उत्तम करतो, असे कोणी सांगेल. खरे आहे; पण तो टेबलावर ठेवला तर पाहुणे विचारत नाहीत.

यानंतर बर्न-इन. नवा हेडफोन शे-दोनशे तास वाजवल्याशिवाय त्याचा आवाज ‘उघडत’ नाही अशी श्रद्धा आहे. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. ऑनलाइन माल परत करण्याची मुदत बऱ्याचदा सात दिवसांची असते. हा योगायोग समजावा.

हाय-रेझोल्यूशन फाइलींचे पैसे भरण्यापूर्वी मेयर आणि मोरन यांचा २००७ चा प्रयोग आठवू नये. त्यांनी हाय-रेझोल्यूशन मुद्रण आणि तेच मुद्रण सीडीच्या दर्जाला उतरवून, लोकांना न सांगता ऐकवले. ५५४ चाचण्यांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तर २७७ ची अपेक्षा धरता आली असती.

इथे इच्छुकाचे वय विचारणे भाग आहे. विशीत कान सोळा-सतरा किलोहर्ट्झ सहज ऐकतो आणि खिशात चारशे रुपये असतात. पन्नाशीत खिसा भरतो, तेव्हा वरचे मजले बहुतेकांचे बंद झालेले असतात. त्यातून ऐकायचे काय, तर बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या! एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, आणि १९२५ च्या आधीचे मुद्रण असेल तर मायक्रोफोनही नाही, नुसत्या भोंग्यासमोर गायलेले. लाखभराच्या हेडफोनवर त्या तबकडीची खरखर मात्र अप्रतिम ऐकू येते : कुठे सुई अडकली, कुठे चरा गेला, सगळे वेगळे काढून दाखवता येते. आवाज भोंग्याने जेवढा पकडला तेवढाच.

गाणी जिथे तयार होतात तिथे काय वापरतात, हेही पाहू नये. जगभरच्या स्टुडिओंत सोनीचा एमडीआर-७५०६ दिसतो; १९९१ चा, निळ्या पट्टीचा, टेलिफोनसारख्या गुंडाळलेल्या वायरीचा, साधारण शंभर डॉलरचा. त्याच्या गाद्या काही वर्षांनी सोलवटतात आणि काळे कपचे ध्वनिमुद्रकाच्या कानाला चिकटून राहतात. त्या माणसाने शंभर डॉलरमध्ये ऐकून जे ठीक म्हणून सोडले, ते दहापट पैसे देऊन पुन्हा तपासणे हा इच्छुकाचा हक्क आहे.

एका जागी पैसे खरोखर कामी येतात, तेवढे गंभीरपणे सांगायला हवे. १९७८ मध्ये अमर बोस झुरिकहून बॉस्टनला निघाले असता विमानाच्या घरघरीत हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच नॉइज कॅन्सलिंगचे गणित मांडायला घेतले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडसेट विकायला आला. हे तंत्र सलग, खालच्या सुरातला आवाज कापते. लोकलमध्ये चाकांची धडधड जाते. शेजारच्याने स्पीकरवर लावलेले रील्स राहतात. तरीही फायदा मोठा, कारण गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. रोज अंधेरी-चर्चगेट करणाऱ्याने वीस-तीस हजार इथे घातले तर त्याला हसू नये. २०२० मध्ये ५९,९०० रुपयांना आलेल्या एअरपॉड्स मॅक्सला हसावे की नाही, हे त्याचे पर्ससारखे कव्हर बघून ज्याने त्याने ठरवावे.

राहिला घरी सांगायचा आकडा. आई विचारते, “कितीला पडला रे?” खऱ्या किमतीला चाराने भागावे. तरी ती म्हणते, “आठ हजार? कानाला लावायचं? अरे, आपला मिक्सर साडेतीनचा आहे!” इथे एचडी ६०० चा सुटा भाग काढून दाखवू नये. ‘ऑफिसच्या मीटिंगला लागतो’ हे वाक्य पुरते.

आणि तरीही कोणी खोलात जाऊन कमाल मर्यादा विचारलीच, तर एक कसोटी आहे. सोफ्यावर हेडफोन पडला आहे, मावशी आल्या आणि त्यावर बसल्या. ज्या किमतीपर्यंत माणूस आधी मावशींना “लागलं नाही ना?” असे विचारतो, ती कमाल मर्यादा.

ती बहुतेकांनी ओलांडलेली असल्यामुळे जुन्या मालाच्या विक्रीची पद्धतही देऊन ठेवणे बरे. जाहिरातीत मूळ खोके, बिल आणि वापराचे तास नमूद करावेत. फोटोत केबल नीट गुंडाळलेली असावी. ‘अत्यंत समाधानकारक, एकदाही तक्रार नाही’ असे लिहावे आणि खाली विकण्याचे कारण द्यावे : अपग्रेड.