शेरा : ‘रुग्ण अनिच्छुक’

सरकारी रुग्णालयातील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी, म्हणजे ज्यांच्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ झाले आहे आणि ते काढून कृत्रिम भिंग बसवण्याचे ज्यांच्या बाबतीत तत्त्वतः मान्य झाले आहे अशांची क्रमवार नोंद, कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा असून तो जुना, खर्चिक आणि बेभरवशाचा आहे. दुसरा लेखणीचा असून त्यात भिंग लागत नाही, भूल लागत नाही आणि रुग्णही लागत नाही. प्रशासनाच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या मार्गाकडे आजवर जे दुर्लक्ष केले, ते अक्षम्यच म्हटले पाहिजे.

पहिल्या मार्गातील अडचणी सर्वज्ञात आहेत. सराव असलेल्या शल्यचिकित्सकाला एका डोळ्यासाठी पंधरा-वीस मिनिटे पुरतात हे खरे. परंतु त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी शल्यचिकित्सकाचे पद भरलेले असावे लागते, सूक्ष्मदर्शक चालू असावा लागतो, त्याच्या देखभालीचा करार मार्चमध्ये संपलेला नसावा लागतो, शस्त्रक्रियागृहाच्या जंतुपरीक्षणाचा अहवाल निर्दोष यावा लागतो, भिंगाचा नंबर काढणारे यंत्र आणि ते चालवणारा कर्मचारी एकाच दिवशी हजर असावे लागतात, आणि एवढे सगळे ग्रह जुळून आले की त्या दिवशी रुग्णाची साखर वाढलेली निघते.

लेखणीच्या मार्गाला मात्र प्रतिष्ठित परंपरा आहे. देशात १९७६ साली अंधत्वनियंत्रणाचे काम कार्यक्रम म्हणून हाती घेतल्यापासून चार दशके अशी कसोटी होती की, ज्याला सहा मीटरवरून समोरच्याची बोटे मोजता येत नाहीत तो अंध. २०१७ साली हे अंतर तीन मीटरवर आणण्यात आले. जागतिक व्याख्येशी मेळ बसावा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल, हे त्यामागचे कारण होते आणि ते वाजवीही होते. तथापि ज्या गृहस्थाला चार मीटरवरची बोटे मोजता येत होती पण सहा मीटरवरची नव्हती, तो औषधाचा एक थेंबही डोळ्यात न पडता डोळस झाला, एवढे खरे. या घटनेतून खालच्या पातळीवरील प्रतिभेने जो बोध घेतला, त्याचे फळ म्हणजे ‘यादीचे शुद्धीकरण’.

शुद्धीकरण म्हणजे यादीतील प्रत्येक नावापुढे लिहिलेल्या मोबाइल क्रमांकावर तीन वेळा फोन करायचा आणि तिन्ही वेळा प्रतिसाद न मिळाल्यास शेऱ्याच्या रकान्यात ‘रुग्ण अनिच्छुक’ असे लिहून ते नाव वगळायचे. या पद्धतीचे सौंदर्य कळण्यासाठी तो क्रमांक कोणाचा असतो, हे आधी पाहावे लागते. सत्तरी ओलांडलेल्या ज्या बाईला दारात उभा असलेला माणूस जावई आहे की तलाठी, हे आवाजावरून ओळखावे लागते, तिच्याकडे स्वतःचा मोबाइल बहुधा नसतो, आणि असला तरी त्याच्या पडद्यावरचे हिरवे वर्तुळ कोणते व तांबडे कोणते हे कळण्यासाठी आधी मोतीबिंदू काढून घ्यावा लागतो. म्हणून केसपेपर काढताना ती नातवाचा नंबर सांगते. नातू चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला असतो आणि पाळी सुरू होताना मोबाइल फाटकाजवळच्या कपाटात ठेवण्याचा तिथे दंडक असतो. पहिला फोन सव्वाअकराला जातो. दोन फोनांमध्ये किती अंतर असावे हे परिपत्रकात सांगायचे राहून गेल्यामुळे दुसरा फोन अकरा वाजून सतरा मिनिटांनी जातो. तिसरा नेमका जेवणाच्या सुट्टीत लागतो. परंतु अनोळखी नंबरवरून कोणीतरी कर्ज घेण्याचा आग्रह करणार, अशी रास्त समजूत असल्याने नातू तो कापतो. फोन कापणे हा प्रतिसाद मानावा की प्रतिसादाचा अभाव, हा प्रश्न तात्त्विकदृष्ट्या बिकट असला तरी कार्यालयाने तो सोडवलेला असतो : कापलेला फोन हा ठाम नकार होय. क्वचित फोन गावातल्याच कोणी उचलला तर पुढील संवाद होतो. “आजी आहेत का?” “रानात गेलीय.” “कधी येतील?” “दिवस मावळल्यावर.” दिवस कार्यालयीन वेळेनंतर मावळत असल्यामुळे ‘रुग्ण उपलब्ध नाही’ असे लिहावे लागते, पण संगणकावरील नमुन्यात ‘इच्छुक’ आणि ‘अनिच्छुक’ असे दोनच पर्याय असल्याने खुरपणीला गेलेली आजी ही दृष्टी नको असलेली आजी ठरते. याच तर्काने, वाट पाहता पाहता जो रुग्ण मरण पावला त्याचीही नोंद अनिच्छुकांतच होते, कारण तिसरा पर्याय उपलब्ध नाही. आणि अशा रीतीने मृत्यू ही शस्त्रक्रियेविषयीच्या अनास्थेची एक पराकोटीची अवस्था आहे, असा एक नवा सिद्धान्त वैद्यकशास्त्राच्या पदरात पडतो. नंबर चुकीचा उतरवून घेतला गेला असेल, तर ज्या अनोळखी इसमाला फोन लागतो तो साहजिकच शस्त्रक्रियेस तयार नसतो. तोही अनिच्छुक.

ही अनिच्छुक बाई जिल्ह्याच्या ठिकाणी पोचते कशी, याची नोंद कोणत्याच रकान्यात नसते. पहाटेची एसटी, मग बदलून दुसरी एसटी. सोबत यावे लागते म्हणून सुनेची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि स्वतः आजीचीही, कारण खेड्यात सत्तरीला निवृत्ती नावाचा प्रकार नसतो. एवढे करून खिडकीशी पोचल्यावर “आज मशीन बंद आहे, पुढच्या मंगळवारी या” असे ऐकायचे, पुढच्या मंगळवारी सुट्टी निघायची, आणि त्यापुढच्या मंगळवारी “अजून पिकला नाही” म्हणून परत पाठवले जायचे. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची रीत संपूर्ण भिंग आवरणासह बाहेर काढले जाई त्या काळातली आहे. बारीक छेदातून आवरण राखून भिंग काढण्याच्या आजच्या पद्धतींना, मग ती बिनटाक्याची असो की ध्वनिलहरींनी भिंग विरघळवण्याची, पिकण्याची गरज नाही. उलट पिकून दगड झालेला मोतीबिंदू काढणे अधिक जोखमीचे असते. आणि तोही वेळेवर निघाला नाही, तर काही डोळ्यांत ते भिंग फुगते, डोळ्यातील पाण्याचा निचरा अडवते, आतला दाब वाढतो आणि दृष्टीची नस मरू लागते. मेलेली नस कोणतेही भिंग परत आणत नाही. पन्नाशीपुढच्या लोकांतील सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे, असे २०१५ ते २०१९ या काळातील देशव्यापी पाहणीत आढळले. म्हणजे हे बहुतांश अंधत्व वीस मिनिटांत बरे होणारे आहे. बऱ्या होणाऱ्या डोळ्याचे न बऱ्या होणाऱ्या डोळ्यात रूपांतर करणे, याला आंधळे करणे म्हणतात. ते सुरीने केले असते तर गुन्हा दाखल झाला असता. टेलिफोनने केले, म्हणून आढावा बैठकीत टाळ्या वाजतात आणि स्लाइडवर तिरकस उतरणारी हिरवी रेघ दाखवली जाते.

त्या रेघेचे गणितही पाहण्यासारखे आहे. शुद्धीकरणात वगळलेला रुग्ण पुन्हा आलाच, तर त्याची नोंद नव्याने होते आणि त्याची प्रतीक्षा शून्य दिवसांपासून मोजली जाते. परिणामी जो सर्वांत जास्त काळ थांबला आहे तोच यादीत सर्वांत ताजा ठरतो आणि सरासरी प्रतीक्षाकाळ झपाट्याने खाली येतो. एकाही डोळ्यावर उपचार न करता दर तिमाहीला ही सुधारणा घडवता येते, आणि शुद्धीकरण जितक्या वारंवार होईल तितकी ती अधिक नेत्रदीपक होते.

या पद्धतीत एकच त्रुटी अद्याप दूर झालेली नाही, ती अशी की अनिच्छुक रुग्ण नेत्रविभागाच्या दिवशी न बोलावता येऊन उभा राहतो. नोंदवही उघडली जाते, नाव सापडते, शेरा वाचला जातो. “आजी, तुम्ही तर नको म्हणालात.” “मी कवा म्हनले?” यावर उत्तर देण्याची तरतूद नसल्याने नवा केसपेपर काढून घेण्यास सांगितले जाते. केसपेपरच्या खिडकीवरील कर्मचारी नाव, वय आणि गाव विचारतो आणि मोबाइल नंबर सांगा म्हणतो. आजी सुनेकडे तोंड वळवते, आणि सून नातवाचा नंबर सांगते.