वरातीमागून मेट्रो

भोपाळच्या मेट्रोत हल्ली बसायला जागा मिळते. विरोधकांच्या मते हा तोटा, प्रवाशाच्या मते सोय. साहेब लोकांचं म्हणणं असं की मार्ग तोकडा म्हणून गर्दी नाही, तेव्हा मार्ग वाढवा. आणि इतका खर्च झाल्यावर मागे कसं फिरायचं?

खर्चाचं म्हणाल तर 2018 साली केंद्राने 27.87 किलोमीटरसाठी 6,941 कोटी मंजूर केले, म्हणजे किलोमीटरला अडीचशे कोटींच्या घरात. 2019 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री कमलनाथांनी कोनशिला बसवून राजा भोजाचं नाव दिलं. 3 ऑक्टोबर 2023 ला पुढचे मुख्यमंत्री शिवराजसिंहांनी चाचणीची गाडी पळवली, नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. तिकीटवाला प्रवासी मात्र डिसेंबर 2025 मध्ये चढला, तोही सुभाषनगर ते एम्स एवढ्याच आठ स्थानकांपुरता. सुभाषनगरला डेपो आहे. गाडीची सोय आधी झाली, माणसांची पुढच्या टप्प्यात होईल.

याच शहराने 2013 मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली आणि 2024 मध्ये ती उखडायला घेतली. बांधायला खर्च, मोडायला खर्च. कंत्राटदाराच्या वहीत दोन्ही जमेलाच. अंदाजांबद्दल तर बोलूच नये. इथल्याच ऐशबागच्या पुलाच्या वळणाचा काटकोन देशभर गाजला, सात अभियंते निलंबित झाले, मग हायकोर्टात तज्ज्ञाने कोन मोजला तो 118-119 अंशांचा निघाला. जिथे कोनाला अठ्ठावीस अंशांची सूट, तिथे भावी प्रवाशांचा आकडा कोण अडवणार?

तरी एक टप्पा मला मनापासून हवा आहे. विदिशाहून पेशंटला घेऊन आलेला माणूस भोपाळ जंक्शनला उतरतो. एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात म्हातारीचा दंड. जायचंय एम्सला. मेट्रो थेट एम्सच्या दारात जाते, पण ती पकडायला आधी सुभाषनगर गाठायचं. रिक्षात बसलंच आहे तर रिक्षावाला म्हणतो, "सीधे एम्स छोड़ देता हूँ, अम्मा को कहाँ चढ़ाओगे-उतारोगे?" त्याचं चुकतं कुठे? जंक्शन आणि नादरा बसस्टँडखालची भुयारी स्थानकं झाली, गाडी करोंदपर्यंत गेली, तरच या मेट्रोला अर्थ. स्थानकापर्यंत बस मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण बसच्या फिती कापायला मंत्री येत नाहीत, म्हणून तो विषय मागे पडतो.

जुन्या शहरात पटियांवर, म्हणजे दगडी कट्ट्यांवर, रात्री बसणाऱ्या मंडळींनी मेट्रो केव्हाच मंडीदीपलाच काय, सीहोरलाही नेली आहे. तिथे एका चहात किलोमीटरभर मार्ग मंजूर होतो.

विस्ताराचा सर्वांत खंदा समर्थक आमचा रिक्षावालाच. भुयाराचं काम चाललं की रस्ता बंद, रस्ता बंद की वळसा, वळसा पडला की भाडं वाढतं. काम सावकाश होऊ द्या, मजबुती महत्त्वाची, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो.