काटकसरीचं विमानशास्त्र

आयर्लंडच्या रायनएअर कंपनीचे मायकेल ओ'लिअरी यांना खरं तर एखाद्या विद्यापीठानं डी.लिट. द्यायला हवी. प्रवाशाला स्वावलंबन शिकवण्याचं इतकं नेटानं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. विमानातल्या शौचालयाच्या दारावर नाणं टाकायची सोय करण्याचा विचार त्यांनी २००९ मध्ये बोलून दाखवला. पुढच्याच वर्षी उभ्यानं प्रवासाची कल्पना मांडली. दोन्ही बारगळल्या. विरारकरांचा सल्ला घेतला असता, तर दुसरी तरी तडीला गेली असती.

भूगोलातली भरही थोडी नाही. फ्रँकफुर्टच्या नावावर कंपनीनं वर्षानुवर्षं ज्या हान विमानतळाची तिकिटं विकली, तो शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. तेवढ्यात मुंबईहून निघालेल्याचा लोणावळा मागे पडतो.

जादा मोठी बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेमागे इनाम मिळतं. गेटवरच्या मापाच्या चौकटीत बॅग कोंबताना एक चाक तेवढं बाहेर राहतं आणि कुणाच्या तरी घरची चूल पेटते. हे पुण्य चुकवायला काही कोडगे भर उन्हाळ्यात तीन स्वेटर चढवून, खिशांत चार्जर आणि मोजे कोंबून घामाघूम उभे असतात. अंगावरचे कपडे अद्याप निःशुल्क आहेत, ही नियमावलीतली गळती म्हणायची.

आदर्श प्रवासी एकच: तिकीट काढून घरी बसणारा. त्याला ना खुर्ची लागते, ना इंधन. न केलेल्या प्रवासाचा सरकारी कर त्यानं परत मागितलाच, तर त्या अर्जालाही प्रशासकीय शुल्क आहे.