पुढचे काका

पुढची सीट रिकामी असताना मागे बसलेले पुढचे काका कोणी पाहिलेले नाहीत. अष्टविनायकाची टेम्पो ट्रॅव्हलर असो की लग्नाची बस, काका ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. एकदा तर ॲम्ब्युलन्समध्येही ते तिथेच बसले होते, आणि आत झोपवलेला पेशंट त्यांचा सख्खा मेव्हणा होता.

याला कारण आहे. वीज मंडळातली अख्खी नोकरी त्यांनी सरकारी जीपच्या पुढच्या सीटवर काढली. साहेबाने तिथेच बसायचं असतं. पुढे साहेबपण निवृत्त झालं, सीट झाली नाही. त्या सीटवर बसून ते नुसते प्रवास करत नाहीत, गाडी चालवतात. फक्त स्टिअरिंग, क्लच आणि लायसन्स दुसऱ्याचं असतं. "दाबा आता", "डावीकडून मोटरसायकल", "थर्ड टाका, थर्ड", असं चालू असतं. उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर. लोणावळ्याचा घाट उतरल्यावर ड्रायव्हरपेक्षा काकाच जास्त दमलेले असतात.

अशा माणसाला कोणीतरी सांगितलं, की केनियात मसाई माराला छोट्या विमानाने जाता येतं आणि कधीकधी त्या विमानात वैमानिकाशेजारची सीट प्रवाशाला देतात. काकांनी किंमत विचारली नाही. आपले बहुतेक लोक नैरोबीहून मोटारीने जातात. पाच-सहा तास लागतात आणि शेवटच्या टप्प्यात मणके मोजून घ्यावे लागतात. विमानाला पाऊण तास. "काकूंच्या कमरेसाठी विमान घेतलंय," असं काका सगळ्यांना सांगत होते. काकूंची कंबर ठणठणीत आहे.

आम्ही आठजण होतो. तयारीची सूत्रं अर्थात काकांकडे. पिवळ्या तापाची लस प्रवासाआधी दहा दिवस तरी घ्यावी लागते. काकांनी ती तीन महिने आधी घेतली आणि ते पिवळं कार्ड तेव्हापासून शर्टाच्या खिशात बाळगलं. शर्ट धुवायला पडला की कार्ड पुढच्या शर्टात. खरी अडचण सामानाची. छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ पाहिजे, कारण ती विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कोंबायची असते. चाकांची कडक सूटकेस चालत नाही. काकांनी किराणा दुकानातला तोलकाटा घरी आणला.

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, मग चिवडा आणि शंकरपाळे न्यायचे कशात? त्यांनी स्टीलचे डबे काढले. डबे काट्यावर चढले आणि काकांचा चेहरा उतरला. शेवटी काकूंनी जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या, आणि वाचलेल्या वजनात काकांची दुर्बीण, टॉर्च, दुसरी टॉर्च आणि दुसऱ्या टॉर्चचे सेल बसले. तरीही काटा पंधराच्या पुढे जाई. तेव्हा काकांनी सोळा खिशांचं जाकीट घेतलं आणि उरलेलं सगळं त्यात भरलं.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरच्या माणसाने शांतपणे जाकिटासकट काकांनाच काट्यावर उभं केलं. काकांनी श्वास आत घेतला. त्याने वजन कमी होत नाही हे इंजिनिअर माणसाला माहीत असायला हवं होतं.

हा विल्सन म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, असं काकांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते नाव फ्लॉरेन्स केर विल्सन या बाईंचं निघालं. पतीच्या निधनानंतर त्यांनी 1929 साली नैरोबीत विमान कंपनी काढली होती. "तेच म्हणालो मी," काका म्हणाले.

विमान होतं सेस्ना कॅराव्हॅन. डझनभर माणसांचं, एका इंजिनाचं, पंख डोक्यावर असलेलं. पंख वर असल्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालची जमीन सरळ दिसते, आणि या विमानाची खरी मजा तीच. वैमानिक पंचविशीची केनियन मुलगी होती. तिने प्रवाशांकडे एक नजर टाकली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि काकांना पुढे बोलावलं. हा आपल्या अनुभवाचा सन्मान आहे अशी काकांची समजूत झाली. वजनाचा तोल पुढे सरकवायचा होता, एवढीच गोष्ट होती.

आयुष्यात पहिल्यांदाच काका पुढच्या सीटवर बसून गप्प होते. थर्ड टाका म्हणायची सोय नव्हती. उजवा पाय सवयीने पुढे गेला, आणि तिथे खरोखरच पॅडल होतं! मुलीने नम्रपणे त्यांचा गुडघा मागे ढकलला. मग काका डायल वाचू लागले आणि लगेच दचकले. विमान अजून धावपट्टीच्या तोंडाशी उभं, आणि उंचीचा काटा साडेपाच हजार फुटांवर! त्यांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. विल्सन विमानतळ आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडा उंचावर आहे.

उड्डाण झालं. खाली रिफ्ट दरीचा कडा तुटला, पलीकडे सुस्वा ज्वालामुखीचं विवर आलं, विवराच्या आत दुसरं विवर, आणि त्यात एखाद्या बेटासारखा सुटा उभा डोंगर. काकूंनी कपाळ काचेला लावलं ते माराची पिवळी गवतं येईपर्यंत काढलं नाही. काका मान वाकडी करून खाली बघत होते खरे, पण विवराकडे नाही, चाकाकडे. चाक आत गेलं नव्हतं. उड्डाणानंतर विमानाची चाकं आत जातात हे त्यांनी वाचलेलं. त्यांनी वैमानिकाला बोटाने चाक दाखवलं. तिने अंगठा वर केला. पुन्हा दाखवलं, पुन्हा अंगठा. कॅराव्हॅनची चाकं कधीच आत जात नाहीत, ती बसवलेलीच तशी असतात. पण इंजिनाच्या घरघरीत हे कोण कुणाला सांगणार? रिफ्ट दरीवरचा काकांचा सगळा प्रवास त्या एका चाकाच्या काळजीत झाला.

मारामध्ये ही विमानं एसटीसारखी थांबे घेत जातात. एका पट्टीवर चौघं उतरतात, दोघं चढतात, पाच मिनिटांत पुढच्या पट्टीवर. पट्टी म्हणजे मुरमाचा सपाट तुकडा, वाऱ्याची पिशवी आणि एक छप्पर. आमच्या पट्टीवर झेब्रे चरत होते. वैमानिक खाली आली, त्यांच्या डोक्यावरून विमान नेलं, ते पांगले, मग वळसा घालून ती उतरली. नेहमीचीच रीत आहे ही. रात्री जेवताना मात्र काकांनी सांगितलं, "मी खूण केली म्हणून बरं. तिचं लक्षच नव्हतं."

कॅम्पची गाडी उघडी लँड क्रूझर. केनियात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे काकांना जागा शोधावी लागली नाही. आता गंमत अशी, की या गाड्यांत मागच्या रांगा पायरीपायरीने उंच होत जातात. सर्वांत खालची आणि सर्वांत कमी दिसणारी सीट ड्रायव्हरशेजारची. काकूंना हे पहिल्या मिनिटात कळलं. त्या सरळ शेवटच्या रांगेत चढल्या आणि मांडी घालून बसल्या.

काकांना गवत दिसायचं आणि वायरलेस ऐकू यायचा. आमचा गाइड मसाई होता, शांत माणूस. इतर गाड्यांशी तो स्वाहिलीत बोले. काकांनी शब्द पाठ केले होते: सिंबा म्हणजे सिंह, दुमा म्हणजे चित्ता, चुई म्हणजे बिबट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरलेसवर काहीतरी खरखरलं आणि काका ताठ झाले. "चुई! कॅमेरे काढा!" गाडी वळली, उतारावरून खाली गेली, एका बाभळीपाशी थांबली. खाली टेबल मांडलेलं आणि त्यावर किटली. चहाला स्वाहिलीतही चायच म्हणतात. "मला चायच ऐकू आलं होतं," काका म्हणाले, "पण म्हटलं हे लोक कशाला चाय म्हणतील?"

बिबट्या दिसला तो परतीच्या वाटेवर. फांदीवरून शेपूट लोंबत होतं, ते काकूंनी हेरलं. "अहो, तिकडे झाडावर..." "थांब गं, पुढे ओढा आहे, मला बघू दे." ओढा काकांनी नीट पार करून दिला. तोवर बिबट्या उठला, आळस दिला आणि पलीकडच्या झुडपात गेला. पाच फोटो निघाले, पाचही काकूंच्या मोबाइलमध्ये.

नदीकाठचा दिवस मी विसरणार नाही. सेरेंगेटीतून निघालेली विल्डबीस्टं दहा लाखांच्या वर असतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी इकडून तिकडे ओलांडत राहतात. ती उतरण्याच्या जागेपासून गाड्या दूर ठेवायच्या असतात, म्हणजे कळपाला वाट मोकळी राहते. कळप काठावर येई, पाण्याकडे बघे, मागे फिरे. पुन्हा येई, पुन्हा फिरे. दोन तास असंच. पाण्यात मगरी ओंडक्यासारख्या पडलेल्या. काकांना राहवेना. ज्या आवाजात ते घाटात ट्रकला सांगतात, त्याच आवाजात ते कळपाला म्हणाले, "अरे जा ना, मोकळं आहे!" गाइडने ओठांवर बोट ठेवलं.

आणि एकाने उडी घेतली. पाठोपाठ दुसरं, तिसरं, मग धुळीचा लोंढाच. काका आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर पूर्ण समाधान. "बघितलंत? कुणीतरी पुढे लागतंच."

"आणि मगर आधी कुणाला भेटते?" मागून काकूंनी विचारलं.

एवढ्याने काका बदलले असतील असं समजू नका. परतीच्या विमानात वैमानिकाशेजारी कंपनीचा दुसरा वैमानिक होता. काकांना अगदी शेवटची सीट मिळाली. आम्ही श्वास रोखला. दहा मिनिटं ते गप्प होते. मग पुढच्या रांगेतल्या अनोळखी जर्मन जोडप्याच्या कानाशी ओरडून त्यांनी समजावलं, की विमानाचा खरा तोल शेपटीत असतो आणि तिथे जाणकार माणूस बसवावा लागतो. त्याही प्रवासात त्यांनी खाली पाहिलं नाही. शेपटी हलतेय का, इकडे लक्ष होतं.

आता त्यांनी बोत्स्वाना ठरवलं आहे. ओकावांगोच्या पाणथळीत जाणाऱ्या विमानांपैकी काही आणखी लहान, पाचच प्रवाशांची असतात. काकांनी पुढची सीट आत्ताच मागून ठेवली आहे. या ग्रुपमध्ये अजून दोन जागा आहेत. येणार असाल तर बॅग मऊ घ्या, काकांना खुशाल पुढे बसू द्या, आणि जागा धरायची ती काकूंच्या शेजारची धरा.